उजव्या मांडीतली गाठ

४ मार्च
गाठ काढली! लिंबाएवढी. दोन वर्षं उजव्या मांडीत घेऊन फिरत होते आणि विचारेल त्याला सांगत होते — चरबी आहे, ताई म्हणते. ताई ऑपरेशन थिएटरात नर्स. तिच्या शब्दापुढे कोण बोलणार! त्याआधी याच मांडीचं हाड मोडलं, सळी बसवली, तेव्हाही ताई थिएटरात आतच होती. नातेवाइकाने आत थांबायचं नाही असा नियम, पण तिने हट्टाने ड्यूटी बदलून घेतली. मी आपली बिनघोर झोपले होते.

९ मार्च
रिपोर्ट आला. चरबी कसली! कापसाचे धागे. बाहेरची वस्तू आत राहिली की शरीर तिच्याभोवती भिंत बांधतं, तीच ही गाठ. अशा गाठींना कोड लावणं हे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातलं माझं रोजचं काम. आजार कुठला, कशाने झाला, उजवीकडे की डावीकडे — सगळं आकड्या-अक्षरांत. आणि आता माझ्याच मांडीत निघावी! धागे म्हणजे गॉज, रक्त टिपायची जाळीदार पट्टी. सळी बसवताना आत विसरले. सरळ आहे.

ताई ड्रेसिंगला आली. "जाऊ दे ना आता. निघाली ना एकदाची?" हात किती हलका तिचा.

१२ मार्च
कामावर रुजू. स्वतःची फाइल स्वतः कोड करायची नसते, म्हणून ती शेजारच्या टेबलावरच्या चष्मिषकडे गेलेली. तिने लावलं काय — मऊ भागात जुनी बाहेरची वस्तू, त्यामुळे गाठ. अगं, ऑपरेशनमध्ये चुकून राहिलेल्या वस्तूचा कोड वेगळा आहे! तो लागला की चौकशी बसते. हा लागला की कुणाच्या केसालाही धक्का नाही.

कडाकडा भांडले. "इतकी वर्षं माझ्या डब्यातलं खातेस आणि शेवटी डॉक्टरांचीच बाजू घेतलीस?" तिचा आवाज चढला नाही. "डॉक्टरांनी लिहिलंय ते लावलं. लहानपणी कुंपणावर पडलीस, लाकूड आणि फ्रॉकचं कापड आत राहिलं. मी मनाचं कसं लावू?"

कुंपण? ते डॉक्टरांना कुठून कळलं?

१३ मार्च
गाठ काढणाऱ्या डॉक्टरांना जिन्यात गाठलं. "तुम्ही गुंगीत होता. बाहेर तुमची बहीण होती, तिने सांगितलं. आमच्याच नर्स त्या, शंका कशाला घेऊ?"

कुंपणावर पडले होते हे खरं. पण डावी मांडी! पांढरा व्रण अजून आहे, आत्ताच पाहिला. लाकडाचा तुकडा ताईनेच चिमट्याने ओढून काढला होता, अख्खा, आई कामावरून यायच्या आत. आईला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणजे ही गोष्ट आम्हा दोघींनाच ठाऊक.

गोंधळली असेल. होतं माणसाचं.

१४ मार्च
नाही होत! ऑपरेशनआधी पेशंटला "कुठली बाजू?" विचारणं हेच तिचं काम. पेनने खूण केल्याशिवाय ती कुणाला आत घेत नाही. ती गोंधळेल?

१६ मार्च
ताई आली. मी डाव्या मांडीवरचा व्रण दाखवला. तिने जुनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाली, "सळी बसवल्यावर मोजले, तर एक गॉज कमी भरत होता. तुझं बीपी पडत होतं गं. सर्जनने विचारलं, मोजणी पूर्ण? मी पूर्ण म्हणाले. वाटलं, खाली कुठेतरी पडला असेल, सापडेल."

"सापडला?"

"नाही."

दोन वर्षं! गॉजचं एक वेळ समजू शकते. माझा जीव जात होता, ती घाबरली. पण नंतर? दर वेळी ती गाठ बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, चरबी आहे, जरा चालत जा. आणि मी चालत होते, लंगडत, मूर्खासारखी! आत काय आहे ते तिच्या बोटांना कळत होतं. चीड येते नुसती. परक्याने केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

रडले. तीही रडली. पुढच्या महिन्यात थिएटरची मुख्य नर्स व्हायची आहे ती. "उद्या मीच तुमच्या बाईंना सांगते," म्हणाली. बाई म्हणजे आमच्या रेकॉर्ड विभागाच्या प्रमुख. "तू काही बोलू नकोस. तेवढं तरी मला करू दे." मी बरं म्हटलं. तिला चहा करून दिला. जाताना तिने डोक्यावरून हात फिरवला. राग होता तसाच होता, तरी बरं वाटलं.

१७ मार्च
बाईंनी बोलावलं. "सकाळी तुझी ताई येऊन गेली." मी मान हलवली. "म्हणाली, तू फार मनाला लावून घेतलंयस. गाठ त्या कुंपणाचीच, मांडी उजवीच. तू लहान होतीस, तुला आठवत नाही म्हणे. मग फाइल बंद करू ना?"

मी आधी खुर्चीत बसले. मग म्हटलं, "डावी होती. व्रण दाखवते."

ड्रेसिंग आज माझं मीच केलं.