भाऊंच्या गाडीचा तिसरा गिअर

४ नोव्हें. ८८
मोठे भाऊ चोपड्याहून गाडी घेऊन जळगावला माझ्या गॅरेजवर आले. तीच, भुसावळच्या रिटायर्ड रेल्वेसाहेबाकडून घेतलेली दोन सीटांची जुनी विलायती. आत इंजिन न् गिअरबॉक्स अँबॅसिडरचा, मीच बसवलेला. उतरल्याउतरल्या सुरू : "वसंता, तिसरा टाका की करकर करस. रिव्हर्स तं पडतच नही." माझंच काम.

७ नोव्हें.
बॉक्स उतरवला. दाते चांगले, क्लच प्लेट चांगली. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, चालू केलं की अडतात. म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. क्लचच्या तेलाच्या नळीतली हवा काढली.

९ नोव्हें.
नशिराबादपर्यंत जाऊन आलो. कसला आवाज नाही. भाऊंना बोलावलं. ते बसले, फाटकातच करकर. शेजारी बसून खाली बघितलं. डावा पाय पेडलवर अर्धाच.
"भाऊ, पूर्ण दाबा."
"दाबेल शे ना!"
त्यांना खरंच तसं वाटत होतं. चप्पल गॅरेजच्या दारातच निसटून पडलेली, भाऊंना पत्ता नाही. टाचेला जखम, तीही ठाऊक नाही. साखरेचा आजार, पाय बधिर झालेला, गोळ्या घेत नाहीत.
"तुन्ही वहिनीले सांगू नको. ती गाडी सोडाले लावी."

१० नोव्हें.
क्लचचा दांडा लांब केला, पेडलला रुंद पत्रा वेल्ड केला. अर्ध्या दाबात सुटतो. गिअर अलगद पडले. भाऊंनी पाठ थोपटली. "सापडनं ना शेवट!" हो म्हणालो. बरं नाही केलं.

१९ नोव्हें.
वहिनी बाजाराला जळगावात. गॅरेजवर चहा.
"भावजी, काय बिघडलं होतं हो?"
"ॲडजस्टमेंट."
"बरं झालं. आता पिंकीला शाळेत त्याच गाडीतून सोडतात."
नात! सांगणार होतो. गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक निमित्त.

२६ नोव्हें.
शेजारच्या दुकानात फोन. चोपड्याला धावलो. वळणावर पाय क्लचवरून घसरला असणार, गाडी केळीच्या बागेत घुसली. पिंकीच्या हनुवटीला टाके, भाऊंना खरचटलंही नाही. "गिअरनी दगा दिधा," भाऊ सगळ्यांना सांगत होते, माझ्याकडे न बघता. वहिनी : "तुम्ही तर दुरुस्त केली होती ना?"
लिहायला लाज वाटते, पण आधी हायसंच वाटलं. दोष गिअरवर गेला. मग पिंकी म्हणाली, "आजोबा, गाडीले लागनं का?"

२७ नोव्हें.
वहिनींना सांगितलं. पत्रा, पाय, सगळं. त्यांनी परातीत कोमट पाणी आणून भाऊंचा पाय धुतला. जखमेची कड काळी. वास.
भाऊ : "तुले नको म्हनेल व्हतं ना." एवढंच.
वहिनी : "त्या दिवशी चहा पिताना सांगितलं असतं तर, भावजी..."


२९ नोव्हें.
माझ्या जीपमधून भाऊ-वहिनींना धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. निघताना भाऊ सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी गेले, उभे राहिले, मग वळसा घालून डावीकडे बसले. मी तिसरा टाकायचो तेव्हा त्यांचा डावा पाय हलायचा, क्लच दाबल्यासारखा. बघायचं नाही ठरवलं तरी...
डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. पाय राहील का विचारलं. "आत्ता सांगता येत नाही." वहिनी खाटेशी बसल्या. मला जा म्हणाल्या नाहीत, थांबा म्हणाल्या नाहीत. बाहेर बाकावर बसून लिहितोय.