संक्रांतीच्या दिवशी तळ्यावर

अहो,

आज संक्रांत. आज माझ्या हातून जे झालं, ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला जाऊन सहा महिने झाले. काल शेजारच्या गंगूमावशी हळूच म्हणाल्या, "सुमन, उद्या बाया येतीन-जातीन हळदीकुंकवाले. तू घरातच राह्य माय." मनानं वाईट नाहीत हो त्या! पण सकाळी मला घर खायला उठलं. खुंटीवरची तुमची दुर्बीण घेतली आणि धारेच्या झऱ्याजवळून खाली तळ्याकाठी उतरले. एकटी!

महाराष्ट्र झाला त्या वर्षी तुम्ही मागवलेली ती दुर्बीण. शाळेला सुटी असली की ती गळ्यात अडकवून म्हणायचात, "चाल नं माह्यासंगं. एक डाव पाखरं पाह्य, मंग बोल." आणि मी? "स्वयंपाक कोन करन? लोक काय म्हनतीन?" दर वेळी हेच. तुम्ही तरी एकदा रागावून, हात धरून का नाही नेलंत?

धारेचं गोडं पाणी खाऱ्या तळ्याला मिळतं, तिथे बदकं होती. त्यातलं एक मातकट, मान वळवून बसलेलं. चोचीचं टोक पिवळं, कपाळाशी दोन लाल ठिपके. तुम्ही सांगायचात तेच, हळदीकुंकू बदक!

मी हसले. मोठ्यानं हसले.

शेळ्या चारणारी एक बाई जवळ आली. "काय दिसलं ओ बाई?"

मी बदकाचं नाव सांगितलं. तिनं माझ्या रित्या कपाळाकडे पाहिलं, आणि दुर्बिणीसाठी हात पुढे केला.

"हाव ओ! खरंच लावलं त्यानं! कोनं शिकवलं तुमाले?"

मी तुमचं नाव घेतलं. उखाण्याबाहेर पहिल्यांदाच.

ऊन चढेपर्यंत आम्ही दोघी शेकाट्या पाखरांचे लांब लाल पाय बघत बसलो. परतताना चढावर माझेच पाय थांबले. तुम्ही असता, तर आज मी गावात वाण लुटत फिरले असते; तळ्यावर आलेच नसते. तुम्ही गेलात म्हणून मला हे मिळालं! हा आनंद घशाखाली उतरत नाही हो.

रविवारी पुन्हा जाणार आहे, तिला कबूल केलंय. लोक बोलले तर बोलू देत. आवडलं तर आवडलं म्हणेन. घरी येऊन उपाशी राहून त्याची भरपाई करणार नाही, हे वचन.

आज मात्र जेवले नाही.

तुमची,
सुमन