ठप्प्याचा हातोडा आणि माझं इंग्रजी

३ मे १९५४, सोमवार
आजपासून रोजनिशी. फॉरेस्टच्या रेंज ऑफिसातला टेंपररी क्लार्क, म्हणजे मी, यंदा पर्मनंट होणार. थोर माणसाची चढती कमान कुठंतरी लिहिलेली असावी.
आधीचे क्लार्क रिटायर होताना मला जुन्या इंग्रजी पत्रांचं बाड देऊन गेले. त्यातून चुकांना लावायचे शब्द वेगळे काढून वहीत उतरवलेत. मराठीत 'चुकलो' म्हटलं की चूक बिब्ब्याच्या डागासारखी अंगाला चिकटते. इंग्रजीत 'इनॅडव्हर्टंटली' म्हणायचं, म्हणजे लक्ष नसताना. चूक होते, पण करणारा सापडत नाही. उगाच नाही त्यांनी दीडशे वर्षं राज्य केलं.

७ मे
भामरागडची डाक सिरोंच्याला गेली. एक्सप्लनेशन लिहिलं: मिस्टेकनली, म्हणजे समजुतीचा घोळ. दुपारी रजिस्टरवर शाई सांडली: ॲक्सिडेंटली, म्हणजे आपसूक. साहेबांनी दोन्ही कागद न बोलता फाइल केले. न बोलणं म्हणजे पसंती.
घरी भात करपला. वच्छलाला शिकवलं, 'अनविटिंगली' म्हण, म्हणजे नकळत. ती म्हणाली, "करपला तं करपला. खाता का नाई?" बायकोला शिकवणं सोडून दिलं.

१२ मे
पावसाआधी साहेब भामरागडच्या दौऱ्यावर, दहा-बारा दिवस. ऑफिसची किल्ली माझ्याकडे. जाताना तीनदा बजावलं, मार्किंगचा हातोडा पेटीबाहेर काढायचा नाही. ज्या लाकडावर त्याचा ठप्पा उठला ते सरकारजमा, म्हणून. मला सांगायची गरज नव्हती.

१३ मे
विचार केला. पेटीचं कुलूप मलाच हिसक्यानं उघडता येतं, तर चोराला का नाही? जबाबदार माणूस नियमाच्या पुढं जातो. हातोडा घरी आणून सरपणाच्या ढिगामागं लपवला. वच्छलाला मुद्दाम सांगितलं नाही. गुपित ते गुपित.

१६ मे
वच्छला आणि शेजारच्या सुगंधाबाई अंगणात दुपारभर मोहाच्या बिया फोडतात, तेल काढायला. सारखी ठकठक. आज सुट्टी असून झोप झाली नाही. दगड फुटका असेल, आवाज फार खणखणीत येतो.
हातोडा तपासला. जागेवर आहे. थोडा तेलकट वाटला. चांगलंच, गंजणार नाही.

२३ मे
हातोडा गुपचूप पेटीत ठेवला. कोणाला पत्ता नाही. स्वतःचं कौतुक वाटलं, ते लिहून ठेवतो.

२४ मे
साहेब परतले. माझं नाव पर्मनंटच्या यादीत घालून यादी चांद्याच्या वरच्या ऑफिसात गेली म्हणाले. मी लगेच त्यांना बुधवारी घरी जेवायला बोलावलं.

२६ मे, बुधवार
जेवण झालं. सगळं सांगायला हवं.
साहेबांसोबत फॉरेस्ट गार्ड मुखरूही आला. मी मोठ्या मानानं सागाचा पाट पुढं केला. साहेब बसणार तेवढ्यात मुखरू वाकला, पाटावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हा तं आपलाच ठप्पा हाय, साहेब." पाटावर एक नाही, ठप्प्यांची रांगोळी. उखळावरही. खाटेच्या खुरावरही. मला बाडातला एक शब्द आठवेना.
वच्छला वाढता वाढता पुढं आली. म्हणाली, "त्या हातोड्यानं मी बिया फोडल्या, खाटेचा खूर ठोकला. मले का मालूम सरकारचा हाय म्हून? चुकलं माझं, साहेब."
साहेब इतके हसले की ठसका लागला. दोनदा मासे मागून घेतले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "नानाजी, विषय संपला. यावर कागद करू नका."

२७ मे
साहेब मनानं भोळे. कागद नसेल तर मी निर्दोष असल्याचा पुरावा काय राहिला? आणि माझ्या चुकीची माफी बायकोनं मागावी, तीही मराठीत? मनाला फार लागलं.
चार पानी एक्सप्लनेशन लिहिलं. हातोडा अनविटिंगली घरी आला. इनॅडव्हर्टंटली सरपणात राहिला. ॲक्सिडेंटली बियांवर पडला, वारंवार. वाचताना माझेच डोळे भरून आले.
वच्छला म्हणाली, "साहेब नाई म्हणले ना? मंग काऊन लिहून राह्यले?" ऑफिसातलं तिला कळत नाही. साहेब अहेरीला गेले होते. त्यांना त्रास नको म्हणून कागद सरळ चांद्याला पाठवला.

१८ जून
डाक आली. चांद्याचं पत्र. माझं नाव पर्मनंटच्या यादीत इनॅडव्हर्टंटली गेलं होतं, ते काढण्यात आलं आहे. ठप्पा असलेलं सर्व लाकूड सरकारजमा करावं.
साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, मी मिटवलं होतं, कागदावर आलेलं मला मिटवता येत नाही. मुखरू येऊन पाट, उखळ आणि खाट घेऊन गेला. जाताना माझ्याकडे बघितलं नाही, त्याची जास्त लाज वाटली.
वच्छलानं विचारलं, पत्रात काय आहे. बाड उघडलं. सगळे शब्द दोनदा लावून पाहिले. एकही बसेना. शेवटी म्हटलं, "चुकलो."
ती म्हणाली, "हे तं मी त्याच दिवशी सांगतलं होतं. या, जेवून घ्या."
जमिनीवर बसून जेवलो.