न घेतलेला चहा

मंगळवार, सांगली

आज पहिल्यांदाच साहेबांशिवाय मीटिंग घेतली आणि माती केली. उद्या त्यांना काय सांगू?

समोर हळदीचे व्यापारी पाटीलकाका. हळद त्यांनीच निवडून द्यायची आणि आमच्या कारखान्यात आणून पोचवायची, या दोन गोष्टी सोडायच्या नाहीत, असं साहेबांनी बजावलं होतं. बोलता बोलता संध्याकाळ झाली. चहा आला. काकांनी कप हळूच बाजूला सरकवला. आमच्या म्हसवडला कुणी चहा असा सरकवला की बिनसलं समजायचं. मी घाईघाईने नमतं घेतलं. म्हटलं, "बरं, गाडी आम्ही पाठवू." तरी चहा तसाच, वर साय धरलेली. ती साय बघून आणखी घाबरले. "निवडायचंही आमच्याकडे बघू."

का बोलले? दोन मिनिटं गप्प बसता आलं नसतं मला?

उठताना न राहवून विचारलं, "काका, रागावलात का? चहासुद्धा घेतला नाहीत."

"राग कशाचा, ताई? आमी जैन. दिवस मावळल्यावर पाणीबी घेत न्हाई. तुमी मातर लय समजून घेतलंसा."

आडनावावरून मी त्यांना आमच्यातलेच मराठा धरून चालले होते.

ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, समोरच्याकडे नीट लक्ष द्या. दिलं की. सगळा वेळ त्या सायीवरून नजर हलली नाही. काकांच्या मागच्या खिडकीत अंधार पडला होता. तो नाही दिसला.