उपाशी वाफा

सोमवार, ४ मार्च

पुन्हा तोच आकडा! उपाशी वाफ्याच्या एका कोपऱ्यात सेंद्रिय कर्ब वाढलाय, स्फुरद वाढलंय, वर कॅल्शियमसुद्धा. ज्या वाफ्याला आजवर कंपोस्टचा कणही दाखवला नाही, तो अंग धरतोय! बाकीच्या वाफ्यांना कंपोस्ट घालून माती किती सुधारली, हे ठरतं ते याच्याशी ताडून. हाच चोरून जेवत असेल, तर माझं आयुष्यभराचं काम पाण्यात.

संचालक म्हणाले, "मॅडम, निवृत्ती जवळ आली की होतं असं. मोजताना चुकलं असेल." शाळेत सिस्टर सांगायच्या, राग आला की दहापर्यंत मोज. शंभरावर गेले. राग आहे तिथेच.

मंगळवार, ५ मार्च

पुन्हा मोजलं. तेच!

गुरुवार, ७ मार्च

वाफे सांभाळणाऱ्या माळ्यावर भडकले. उरलेलं कंपोस्ट टाकायला याला तोच कोपरा सापडला असणार, दुसरं काय! तो शांतपणे म्हणाला, "बाई, मी त्या वाफ्याकडे बघतसुद्धा नाही. न जाणो, माझी नजर लागून वाढायचा!"

नंतर सगळ्यांना चहा विचारला. मला सोडून.

रविवार, १० मार्च

शाळेचा पालापाचोळ्याचा खड्डा आठवला. चॅपलमागे होता. सिस्टरनी तळातली काळी, ऊबदार माती माझ्या ओंजळीत दिली होती. वाटलं, आता "हात धू" म्हणतील. म्हणाल्या, "वास घे." तेव्हापासून ही मातीच धरून बसलेय.

गुंड्या असता तर कोपरा हुंगून चोर दाखवला असता. कुत्रा कसला, पोलीसच होता! दोन वर्षं झाली. मी परिषदेला गेले आणि ह्यांनी फाटक उघडं टाकलं. गेला तो गेलाच. अजून रस्त्यात तपकिरी शेपूट दिसलं की मान वळते. ह्यांना माफ केलं, असं मी म्हणते. केलेलं नाही.

जेवताना कोपऱ्याचं रडगाणं सुरू केलं, तर हे म्हणाले, "सोड ना तो कोपरा. एवढ्या मोठ्या शेतात एक कोपरा!" वैताग! ह्यांना मेली कशाची किंमतच नाही.

बुधवार, १३ मार्च

ठरलं. उद्या कोपरा खणून बघायचा. नमुने पुरे झाले.

हे म्हणाले, "मी येतो." कुंडीला पाणी घालायचा कंटाळा ज्यांना, ते! आमच्या मागच्या कुंपणापलीकडे वाफे आहेत, पण इतक्या वर्षांत तिकडे फिरकले नाहीत.

गुरुवार, १४ मार्च

कुदळ ह्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. "हळू खणायला हवं," म्हणाले. मग स्वतःच खणू लागले, कुठे खणायचं ते न विचारता.

हातभर खाली निळा पट्टा निघाला. नायलॉन कुजत नाही. बाकी सगळं मातीनं जवळ केलं होतं. हाडं तेवढी उरली होती, चहाच्या रंगाची.

गुंड्याचा पट्टा मी ओंजळीत घेतला.

"तू गेलीस आणि त्याला ताप भरला. डॉक्टरांनी हात टेकले. शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून बसायचा. तुझी पावलं वाजतील म्हणून. हे कसं सांगणार होतो तुला? जन्मभर स्वतःला खात बसली असतीस. म्हटलं, पळाला म्हणावं. माझ्यावर चिडशील, चीड."

"पण इथे? माझ्या वाफ्यात?"

"तूच म्हणायचीस ना, इथे कधीच कुणी काही पेरणार नाही, खणणार नाही. मला दुसरी अशी जागाच माहीत नव्हती."

मला ओरडायचं होतं. वर्षानुवर्षांचा वाफा नासवला! माती परत लोटली. हातानंच.

शुक्रवार, १५ मार्च

अहवालात लिहिलं: कोपरा वगळला आहे, बाहेरून सेंद्रिय पदार्थ मिसळला. माळ्याची क्षमा मागितली. चहा मिळाला.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, "म्हणजे तेव्हा फाटक लावलेलं होतं?"

"कडीसकट," म्हणाले.