पंधरा अंशांची ओळ

१२ मे

ड्रायव्हरच्या कोडमध्ये सुचवलेले सहा बदल आले तपासायला. पाच परत पाठवले. दोघांनी तर स्वतःचं लिहिलेलं एकदाही चालवून पाहिलं नव्हतं. शरम नाही!

सहावा कुणा आर. हेडाऊचा. इंग्रजी नेटकं, काम चार ओळींचं. पण कापलं काय — माझी पंधरा अंशांची ओळ!

हा ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, चौदा वर्षं मी सांभाळते. छोट्या बोर्डावरचा प्रोसेसर किती तापला ते वाचायचं आणि सांगायचं, एवढंच त्याचं काम. फार तापला की त्याच्या सांगण्यावरून मशीन स्वतःला बंद करतं. पण सेन्सर कधीकधी खोटं बोलतो. म्हणून मी ओळ घातली होती — एका सेकंदात पंधरा अंशांहून मोठी उडी दिसली तर तो आकडा फेकायचा, मागचाच दाखवायचा. आजवर एक तक्रार नाही.

हेडाऊ म्हणतो, ओळ काढा. का? "उडी खरीही असू शकते." असू शकते! लिहिलं — पुरावा द्या.

१३ मे

उत्तर नाही. बरं झालं.

१४ मे

आलं उत्तर. तक्ताच पाठवला. खरं तापमान ६१, ६२, मग एकदम ७९. पुढे ८४, ९१, ९७. माझा ड्रायव्हर मात्र ६२ वर बसून. एकदा ७९ खोटा ठरवला की पुढची तुलना पुन्हा ६२ शीच. मग ८४ खोटा, ९१ खोटा. शेवटपर्यंत ६२.

लगेच इथे करून पाहिलं. बोर्ड नेहमीच्या टेबलावर, प्रोसेसरवर पूर्ण भार, तासभर. ५८ च्या वर गेला नाही. उडी कसली, एकेक अंशाने चढला. लिहिलं — "माझ्याकडे असं होत नाही. तुमच्या यंत्रातली धूळ काढा." नामंजूर.

कामाला येणारी सुंदरबाई कूलरच्या टाकीत पाणी भरत होती. म्हणाली, "मानूस चुलीपाशी अन् मशीन कूलरपाशी! पुढच्या जन्मी मले मशीनच कर म्हनावं देवाले." म्हटलं, पाणी सांडू नको.

१६ मे

कशात मन लागत नाही. दोनदा वरण लागलं.

हेडाऊचं तिसरं पत्र. पंचवीसला नव्या आवृत्तीत बदल घेणं बंद होतं. तोवर मी होकार दिला नाही तर बदल अडीच महिने लांबतो — हे त्यालाही ठाऊक आहे. त्यांच्या गावात हातमागाची नक्षी काढायला हीच बोर्डं नऊ घरांत होती. एक मागच्या मे महिन्यात जळालं. "पंचवीसपासून नवतपा आहे. उरलेली आठ वाचवायची आहेत."

नवतपा! वर्षातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांना बंगळुरूत बसलेला माणूस हा शब्द लिहिणार नाही. विचारलं, गाव कोणतं?

आंधळगाव. इथे लाखनीहून दोन तासही नाही लागत!

१७ मे

लिहिलं — बोर्ड घेऊन या. माझ्यासमोर करून दाखवा.

१९ मे

आर. म्हणजे राखी. दारात उभी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेलं बोर्ड. "ओळखलं नाही का मॅडम मले? दोन हजार नऊची बॅच." नाव पुसट आठवलं, चेहरा नाही. तंत्रनिकेतनात वर्षाला साठ पोरं हाताखालून जायची.

तिचं बोर्ड माझ्या टेबलावर जोडलं. अर्धा तास भार. ५९. उडी नाही. पुन्हा केलं. ५९.

मी आकडा वहीत उतरवला. चेहऱ्यावर असेल ते असेल. ती पडद्याकडे बघत राहिली. "घरी तर रोजच होऊन राहिलं, मॅडम. खोटं कायले बोलू?"

जळालेलं बोर्ड तिच्याच घरचं; हे नंतर घेतलेलं. वडील सोमाजी चाळीस वर्षं कोशाच्या रेशमी साड्यांच्या किनारी वहीत काढत. वहीला वाळवी लागली, म्हणून हिने एकेक किनार मशीनवर उतरवली. मशीनच गेलं. दुसरीकडे काही ठेवलं नव्हतं. "बाबाचे हात कापतात आता. नवीन निघत नाही. मले एक शब्द बोलले नाही. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं."

चहा घेतला, चारच्या एसटीने गेली. बोर्ड ठेवून गेली. "तुम्ही पाहा मॅडम. तुमच्या हातून सुटत नाही काही."

माझंच खरं ठरलं. मग तिचं बोर्ड अजून जोडलेलंच का ठेवलं मी?

२१ मे

दुपारी दोनला लाइट गेली. कूलर थांबला. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, तो चालूच. राखीचं बोर्डही चालू, नुसतंच. दहा मिनिटांत खोलीची भट्टी झाली. रिकामं बसवेना म्हणून पुन्हा भार दिला.

६२. पाच मिनिटांनी ६२. वीस मिनिटांनी ६२. एक अंश इकडे नाही की तिकडे नाही!

मी चष्मा पुसत होते. सुंदरबाई टेबल पुसायला आली, तिचा हात बोर्डाला लागला, आणि किंचाळली — "बाई वो! तवा आहे का हा?"

बोटांवर फोड आले. माठाचं पाणी लावलं तिला, बोर्डाची वायर ओढली. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच. ६२.

माझी ओळ.

"त्या दिवशी सांगत होती तुमाले," सुंदरबाई म्हणाली, "याचे लाड कूलरपुरतेच."

२२ मे

टेबल खिडकीशी, कूलर खिडकीत. बोर्ड त्याच्या झोतात. थंडीत प्रश्न नाही आणि उन्हाळ्यात कूलर बंद असतो कुठे इथे? चौदा वर्षं मी गार वाऱ्यात बसून ताप मोजला!

राखीला फोन केला. म्हटलं, तुझं बरोबर. कूलर सांगितला.

ती 'हो मॅडम' म्हणाली. मग — "मॅडम, राग नका मानू. तेव्हाही असंच झालं होतं."

"तेव्हा म्हणजे?"

"प्रॅक्टिकलले. माझं रीडिंग एकदम वर गेलं. तुम्ही लाल पेनाने कापलं अन् 'पुन्हा घ्या' लिहिलं. बाकीच्यायनं पुस्तकातलं उतरवलं होतं. मी दिसलं ते लिहिलं. लाइट गेली होती न मॅडम, लॅबचा कूलर बंद पडला होता."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुमच्यासमोर? कोणाची टाप होती!" आणि हसली. मला हसता आलं नाही.

बदल मंजूर केला. कारण लिहिलं — ओळ माझी होती, चूकही माझी.

२४ मे

राखीने आठही घरांत बदललेला ड्रायव्हर बसवला. एक बोर्ड आजच दुपारी तापलं आणि आपोआप बंद झालं. जळालं नाही. सोमाजींनी विचारलं म्हणे, "लाखनीची बाई लय कडक आहे का गं?" ती म्हणाली, "आहे."

किनारी काही परत येत नाहीत.

२५ मे

नवतपा लागला. सकाळी ड्रायव्हरवर काम करणाऱ्या सगळ्यांना पत्र टाकलं — चौदा वर्षांत दोनशे अकरा बदलांखाली माझ्या नावाने 'तपासले' असं आहे. त्यातला एकही तपासलेला धरू नका.

सुंदरबाईला सांगितलं, टाकी भरू नको. दुपारी खोलीत ४३. पहिला बदल पुन्हा तपासायला काढला.