बोअरीत पुरलेला धूर

वाडी, नागपूर
शुक्रवार

चि. आयुष बाबूले जिजा आजीचा आशीर्वाद (तूर्त अर्धाच धाडून राहिली, बाकीचा काम पाहून). तुही तब्येत चांगली असंलच, दिल्लीच्या ऑफिसात थंडी हवा खाऊन कोण बिमार पडते? माहे गुडघे सोडले तं बाकी सगळं शाबूत हाये, जीभ तं जास्तच. मी दुसरी पास, काना-मात्रा चुकली तं सांभाळून घे. मतलब चुकला नाही.

दिवाळीत तू सांगून गेला का, आता कारखान्याचा धूर वर सोडायचा नाही, पकडून जमिनीत खोल पुरायचा, अन् त्याचं धोरण तुम्ही लोकं लिहून राहिले. (पुरायले माणसं लागतात हे मले माहीत होतं, धोरण लागते हे नव्हतं.) तं मागच्या सोमवारी आपल्या घरामागच्या लोखंडाच्या कारखान्यानं त्याचीच सभा ठेवली. जेवणाचं काम मलेच. उलट्या मडक्यावरच्या लांब रोट्या, लाकडाच्या चुलीवरच्या. साहेब लोकं धोतराएवढ्या रोट्या खात खात म्हणे, वा आजी, ही चव गॅसवर नाही! पोट भरल्यावर पडद्यावर चित्र दाखवलं: चिमणीतून नळी, नळी जमिनीत, वर हिरवं गवत अन् एक गाय. मी विचारलं, साहेब, कोणाच्या जमिनीत? म्हणे, शोधून राहिलो. वर आला तं? म्हणे, लक्ष ठेवू. सुरू कधी? म्हणे, टप्प्याटप्प्यानं, दोन हजार पन्नासपर्यंत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हाताचं पीठ झटकायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मले प्रदूषणवाल्या ऑफिसाची नोटीस! धुराची तक्रार आली, चूल सात दिवसांत बंद करा. पाहा गा, एवढ्या मोठ्या चिमणीले पंचवीस वर्षं अन् माह्या मडक्याले सात दिवस. नोटीस घेऊन आला तोच, जो सभेत पाच रोट्या हाणून गेला होता.

मी म्हटलं, धोरण तं धोरण. अंगणातली बोअर तीनशे फूट खोल, पाण्याचा थेंब नाही (तुह्या आजोबाची निशाणी). चुलीवर पत्र्याचा पिपा उलटा ठोकला, कूलरचा जुना पंखा लावला, नळी बोअरीत सोडली अन् शेणमातीनं तोंड लिंपलं. तासभर धुराचा पत्ता नाही. मी तं उभी करायले गाय शोधून राहिली होती. तेवढ्यात शेजारचे भैयाजी टॉवेलवर रस्त्यात! त्यांची बोअर माह्या बोअरीपासून दहा पावलांवर, न्हाणीघराले लागून (नका खोदू म्हटलं होतं). "जिजाबाई, माही बोअर पेटली वं!" मी म्हटलं, पेटली नाही भैयाजी, साठवण हाये, लक्ष ठेवा. त्यांनी आगीची गाडी बोलावली. गाडीनं पाणी मारलं माह्या चुलीवर, मडकं फुटलं. बोअरीत मात्र पहिल्यांदा पाणी आलं.

आता सोमवारपर्यंतच मुदत हाये. रोट्या बंद झाल्या तं तुही माय मले टीव्हीपुढं बसवून भजनं लावून देईन. मले अजून हात हायेत.

तुही,
जिजा आजी

ता. क. १ : कारखान्यायले तुम्ही लोकं पन्नास सालचा जो कागद देता, तसाच एक मले धाड. मी तवा एकशे दोन वर्षांची असीन. त्या दिवशी चूल स्वतःच्या हातानं विझवीन.

ता. क. २ : नोटीसवाल्या ऑफिसात जाऊन तक्रारीचा अर्ज पाहून आली. ओळखीचा निघाला. वाळवण काळं होते म्हणून कारखान्याच्या धुरावर मीच वरच्या खोलीतल्या काजलकून लिहून घेतला होता. तपासायले आलेल्याले कारखान्याच्या फाटकातून आत सोडलं नाही. माह्या अंगणाले फाटकच नाही.

ता. क. ३ : अर्जावर नाव तुहं हाये. (म्हातारीचा अर्ज कोण वाचते? दिल्लीचा साहेब म्हटलं का खुर्चीतून उठतात.) म्हणून काजल या पत्राचा फोटो तुह्या मोबाईलवर धाडून राहिली. सोमवारच्या आत येऊन सही कर. अर्ज मागं घ्यायचा नाही बरं! फक्त लिहून द्यायचं का, धूर चिमणीचा होता, आजीचा नाही. नवीन मडकं मी आणून ठेवलं. उरलेला अर्धा आशीर्वाद सही झाल्यावर, गरमागरम.